उपचार संपल्यानंतरचे धडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेल्या व्यक्तींसाठी मराठीतून ऑनलाइन आरोग्यशिक्षणाचे अभ्यासक्रम तयार व्हायला हवेत, असे फेब्रुवारीच्या अंकात या सदरात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांवरून दिसते की अनेक ठिकाणी लोकांनी कामाला सुरुवातही केली आहे आणि त्यांचे प्रश्न ‘करावे की नाही’ असे नसून ‘कसे करावे’ असे आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले. आमचा अकरा जणींचा गट आहे आणि व्हॉट्सॲपवरून चालेल असा अभ्यासक्रम तयार करण्याची आमची इच्छा आहे. विषयांची यादी करायला बसलो, तर ती 42 विषयांवर गेली. ती सोबत जोडली आहे. सुरुवात कोठून करावी? आणि आमच्यात एकही डॉक्टर नसताना हे शिकवण्याचा आम्हाला अधिकार आहे का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आधी अधिकाराविषयी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकालीन आजार असलेल्यांसाठी एक अभ्यासक्रम विकसित केला. आठवड्यातून एकदा अडीच तास, असा तो सहा आठवडे चालतो. तो चालवणारी माणसे प्रशिक्षित असतात, पण डॉक्टर असावीत अशी अट नसते. उलट त्यांच्यापैकी निदान एकाने तरी दीर्घ आजार स्वतः अनुभवलेला असावा, अशी अपेक्षा असते. पुढे याच धर्तीवर कर्करोगातून बाहेर पडलेल्यांसाठीही अभ्यासक्रम तयार झाला. तेव्हा शिकवण्याचा अधिकार आपल्याला नक्कीच आहे. उपचार सांगण्याचा मात्र नाही. गोळीचा डोस ठरवणे, गोळी बंद करायला सांगणे, रिपोर्टचा अर्थ लावणे आणि ‘माझे दुखणे परत तर आले नसेल ना’ या प्रश्नाला उत्तर देणे या चार गोष्टी गटातील कोणीही करणार नाही, हे पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून काढा आणि अकरा जणींच्या सह्या त्याखाली घ्या. प्रत्येक धडा कर्करोगतज्ज्ञाने किंवा कर्करोग विभागात काम केलेल्या परिचारिकेने तपासलेला असावा आणि तपासल्याची तारीख धड्यावरच लिहिलेली असावी, कारण आज बरोबर असलेला सल्ला चार वर्षांनी बदललेला असू शकतो.

आता यादीविषयी. ती मी काळजीपूर्वक वाचली. पेशी म्हणजे काय, गाठ कशी होते, टप्पे किती, उपचारांचे प्रकार कोणते, असा तिचा क्रम एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखा आहे. मीही नेमके हेच केले होते. आमच्या पहिल्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा पेशीविभाजनावर होता, त्यातली चित्रेही चांगली होती, पण दुसरा धडा चौदापैकी पाचच जणींनी उघडला. त्यानंतर त्यांच्यापैकी एकीच्या घरी गेले असता तिने कपाटावरून साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि चटईवर रिकामी केली. घडीवर फाटलेला बायोप्सीचा रिपोर्ट, तीन डिस्चार्ज कार्डे, एकमेकींना चिकटलेल्या एक्स-रेच्या फिल्म आणि औषधांच्या दुकानाच्या असंख्य पावत्या त्यात होत्या. तिला एवढेच विचारायचे होते की, यातले काय जपून ठेवायचे आणि गावातल्या डॉक्टरांना ताप-खोकल्यासाठी दाखवायला जाताना यातले काय बरोबर न्यायचे. आमचा पहिला धडा त्या चटईवर बदलला.

आपणही सुरुवात तेथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पहिला धडा म्हणजे एका पानाचा उपचार-सारांश. कोणता कर्करोग होता, कोणत्या बाजूचा होता, शस्त्रक्रिया कोणत्या तारखेला झाली, काखेतल्या गाठी काढल्या का, किमोथेरपीची कोणती औषधे किती वेळा दिली, रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागाला दिले, सध्या कोणती गोळी चालू आहे आणि ती केव्हापर्यंत घ्यायची आहे, पुढची तपासणी कधी आहे, एवढेच त्यात असावे. असा सारांश उपचार संपताना प्रत्येकाच्या हाती दिला जावा, अशी शिफारस अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2005 साली केली होती. आपल्याकडे तो आपणहून मिळेलच असे नाही, म्हणून तो मागून कसा घ्यावा हेही धड्यात शिकवावे लागते. घरी कोरे पान अर्धवट भरून नेले आणि ‘राहिलेल्या जागा एवढ्या भरून द्याल का’ असे विचारले, तर गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातही डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत.

हे पान इतके महत्त्वाचे का, याचे एकच उदाहरण देते. अनेक जणींना आठवते की त्यांना ‘लाल सलाईन’ लावले होते. ते औषध बहुधा डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन असते. त्याचा हृदयाच्या स्नायूंवर परिणाम होऊ शकतो आणि तो काही वेळा अनेक वर्षांनीही दिसतो. दहा वर्षांनंतर जिना चढताना धाप लागू लागली आणि समोरच्या नव्या डॉक्टरांना या औषधाचे नाव सांगता आले, तर ते हृदयाची तपासणी लवकर करून घेतील. नाव सांगता आले नाही, तर ‘वयामुळे होत असेल’ असे म्हणून ती गोष्ट तिथेच राहण्याची भीती असते.

पुढचे धडे ठरवताना गटातील प्रत्येकीला विचारा की, उपचार संपून घरी आल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तुला कशाची भीती वाटली आणि तेव्हा कोणाला विचारता आले नाही. आपल्या 42 विषयांतले बरेचसे आपोआप गळतील आणि यादीत नसलेले काही वर येतील. हाताच्या सुजेचा विषय नक्की येईल. काखेतल्या गाठी काढल्यानंतर किंवा तेथे रेडिएशन दिल्यानंतर त्या हाताला सूज येऊ शकते, ती महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकते, आणि तिची पहिली खूण बहुतेकदा बांगड्या घट्ट होणे किंवा ब्लाउजची बाही रुतणे ही असते. हात लाल होऊन दुखू लागला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. या विषयात जुना सल्लाही खूप पसरलेला आहे. ‘या हाताने आयुष्यभर जड उचलायचे नाही’ असे सांगितल्यामुळे कित्येक जणींनी हंडा उचलणे तर सोडलेच, पण कणीक मळणेही सोडले आणि हात आणखी दुबळा झाला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हाताला सूज असलेल्या 141 स्त्रियांपैकी काहींना देखरेखीखाली, अगदी कमी वजनापासून सुरुवात करून हळूहळू वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला आणि त्यामुळे त्यांची सूज वाढली नाही, उलट हातातली ताकद वाढली. हा धडा आपण केलात तर ‘उचलू नका’ याऐवजी ‘थोडे थोडे, शिकून, वाढवत उचला’ हे वाक्य अकरा जणींच्या तोंडून जाईल आणि त्याचा उपयोग फार होईल.

स्तनाचा कर्करोग परत येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांवरही एक धडा हवाच. या गोळ्या पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, सांधे आखडणे अशा त्रासाने किंवा ‘आता तर मी बरी आहे’ या समजुतीने त्या मध्येच सोडल्या जातात आणि घरात कोणाला कळतही नाही. गोळी सोडावीशी वाटली तर ती सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायचे, त्रासावर उपाय असतात, पर्यायी गोळ्याही असतात, आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्या धड्यात एवढेच असले तरी पुरे.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे. कर्करोगाच्या रुग्णांसाठी खांद्याच्या व्यायामापासून थकव्यापर्यंत नऊ व्याख्याने मी स्वखर्चाने रेकॉर्ड केली. प्रत्येक व्याख्यान सुमारे 40 मिनिटांचे आहे. पाहणारे बहुतेक जण चार-पाच मिनिटांत निघून जातात. लोकांना शिकण्याची इच्छाच नसते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इच्छा असते. पहिली चार-पाच मिनिटे ती माणसे आपल्यापाशी थांबली, हाच त्याचा पुरावा आहे. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील गणित आणि विज्ञानाच्या अभ्यासक्रमांमध्ये विद्यार्थी व्हिडिओ कसे पाहतात, याचा एक मोठा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. सुमारे 69 लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंवरून त्यात असे दिसले की, सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ सर्वाधिक पाहिले जातात आणि त्यापुढे व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणाऱ्याचे लक्ष साधारण तेवढाच वेळ टिकते. ते निरोगी, शिकण्यासाठी नाव नोंदवलेले विद्यार्थी होते. किमोथेरपीनंतरच्या थकव्याने दुपारी चार वाजता गळून गेलेल्या व्यक्तीकडून त्याहून अधिक अपेक्षा करता येणार नाही.

मात्र 40 मिनिटांचे आठ तुकडे केले म्हणजे आठ धडे झाले, असे कृपया समजू नये. धडा छोटा असावा याचे कारण केवळ लक्ष टिकत नाही हे नाही. त्यात एकच करण्यासारखी गोष्ट असावी, हे आहे. आपल्या खांद्याच्या व्याख्यानात सांध्याची रचना, ताठरपणाची कारणे, सात व्यायाम आणि घ्यायची खबरदारी असे सगळे आहे. त्यातला भिंतीवर बोटांनी चढण्याचा एकच व्यायाम घ्या. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, बोटे पायऱ्या चढल्यासारखी वर न्यायची, ताण जाणवला की थांबायचे आणि जेथे बोट पोहोचले तेथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहायची. आमच्या एका सहभागीने ही रेघ घराच्या चौकटीवर मारली होती, जेथे तिच्या मुलांच्या उंचीच्या जुन्या रेघा होत्या. पाच आठवड्यांत तिची रेघ थोरल्या मुलाच्या सातवीतल्या रेघेच्या वर गेली. तिने तिचा फोटो पाठवला तेव्हा इतर सगळ्यांनी आपापल्या भिंतींचे फोटो पाठवले. चाळीस मिनिटांच्या कोणत्याही व्याख्यानाने हे घडले नसते.

थकव्याच्या धड्यात एक गोष्ट ठळकपणे सांगावी, कारण ती सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे. कर्करोगानंतरचा थकवा केवळ विश्रांतीने जात नाही. हालचालीने तो कमी होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी 2019 मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार, आठवड्यातून तीन दिवस सुमारे अर्धा तास दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने चालणे आणि जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, असे दोन-तीन महिने केल्यास थकवा, चिंता आणि उदासी यांत फरक पडतो. ‘घरातले उठू देत नाहीत’ ही तक्रार आपल्याला नेहमी ऐकू येईल. म्हणून हा एक धडा रुग्णासाठी नव्हे, तर नवरा, सासू आणि मुलांसाठी वेगळा करा.

भाषेविषयीही सांगितले पाहिजे. ‘विकिरणोपचार’ हा शब्द आपल्या व्याख्यानात तीसएक वेळा आला आहे आणि तो एकाही रुग्णाच्या तोंडी नाही. कोणी ‘शेक’ म्हणते, कोणी ‘लाईट घेतली’ म्हणते. धड्यात तेच शब्द घ्यावेत, आणि त्यांना डिस्चार्ज कार्डावर ‘रेडिएशन’ म्हणतात, हे एकदा सांगून ठेवावे. ‘परिधीय चेतातंतूंची इजा’ असे सांगण्यापेक्षा असे विचारावे की, चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, असे होते का, ब्लाउजचे हूक लावताना बोटांना जाणवत नाही का, तव्यावरची भाकरी उलटताना चटका बसला तरी उशिरा समजते का. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिसप्लॅटिन या औषधांनी हे होऊ शकते. असे प्रश्न ऐकल्यावर ‘हो, हे तर मला होते’ असे म्हणून लोक पुढचे ऐकतात. मग रोज रात्री तळपाय बघायचे, अनवाणी फिरायचे नाही, पाणी कोपराने तपासून घ्यायचे, हे सांगितलेले लागू पडते.

आणखी एक बाब आपल्या शहरी सवयीतून सुटते. फोन बहुतेक वेळा धडा ऐकणाऱ्या बाईचा स्वतःचा नसतो. तो मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो आणि संध्याकाळी घरी येतो. त्यामुळे ‘सकाळी 11 वाजता थेट सत्र’ असे ठरवले की निम्म्या स्त्रिया आपोआप बाहेर पडतात. शिवाय उपचारांनंतरचा योनीमार्गाचा कोरडेपणा किंवा शरीरसंबंधांतल्या अडचणी यांवरचा धडा त्या विषयाच्या मथळ्यासह मुलाच्या फोनवर उतरला, तर ती पुढचा एकही धडा उघडणार नाही. अशा धड्यांना फक्त क्रमांक द्यावा, ते चित्राविना केवळ आवाजाचे असावेत आणि तिने सांगितलेल्या वेळेलाच ते पाठवावेत. मी या मुद्द्यावर फार अडून बसते, कारण ज्या विषयाची कोठेच वाच्यता होत नाही, त्याच विषयासाठी अशा अभ्यासक्रमाची गरज सर्वांत जास्त असते.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि शेकही झाला. आता आठ महिने झाले. तोंड नीट उघडत नाही, बोलणे अस्पष्ट झाले आहे, त्यामुळे त्यांनी बाहेर जाणे बंद केले आहे. जे काही शैक्षणिक साहित्य मिळते ते सगळे स्तनाच्या कर्करोगाविषयी असते. गावातले असे सहा-सात जण एकत्र करून काही शिकवता येईल का? तंबाखूचा विषय काढला की वडील उठून जातात.
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि मला ते खुपते. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, तरीही उपचारांनंतरच्या शिक्षणात हे पुरुष दिसत नाहीत. त्यांना सभेत येऊन बोलण्याची लाज वाटते आणि आपण मात्र सगळे काही बोलण्यावर बेततो. आपला गट ऑनलाइन असणे येथे खरोखर उपयोगाचे आहे, पण त्यासाठी दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून मान्य कराव्यात. कॅमेरा बंद ठेवलेला चालेल आणि उत्तर टाईप करून, बोटाच्या खुणेच्या चित्राने किंवा वहीच्या पानाचा फोटो पाठवून दिलेले चालेल. ‘दादा, जरा मोठ्याने बोला’ असे कोणीही म्हणणार नाही, हा नियम संचालकाने स्वतः पाळावा.

पहिला धडा तोंड उघडण्याचा घ्या. निरोगी माणसाच्या तोंडात साधारणपणे त्याचीच तीन बोटे उभी मावतात. समोरच्या दातांमधील अंतर 35 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जबडा आखडला आहे असे मानतात. शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे आणि शेकामुळे स्नायू कडक होतात आणि व्यायाम न केल्यास ते आणखी आवळत जातात. यासाठी आईस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी चपट्या पट्ट्या वापरतात. जितक्या पट्ट्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये सहज मावतात तितक्या एकावर एक ठेवून थोडा वेळ धरायच्या आणि काही दिवसांनी त्यांच्या मधोमध आणखी एक सरकवायची. एका पट्टीची जाडी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर असते. ‘आज चौदावी गेली’ हा निरोप गटावर आला की इतरांनाही हुरूप येतो, कारण एवढी लहान प्रगती घरात कोणाच्या लक्षात आलेली नसते. किती वेळा, किती ताणापर्यंत आणि केव्हा थांबायचे, हे मात्र वडिलांच्या डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून आधी ठरवून घ्या, कारण शस्त्रक्रियेत हाड काढले असेल किंवा जबड्यात धातूची पट्टी बसवली असेल तर सल्ला बदलतो.

दुसरा धडा दातांचा घ्या आणि तो फार गांभीर्याने घ्या. जबड्याला शेक दिल्यानंतर हाडाची भरून येण्याची क्षमता कमी होते आणि ही जोखीम वर्षानुवर्षे राहते. दात दुखला म्हणून तालुक्याच्या गावी जाऊन तो काढून टाकला, तर जखम भरून न येता हाड कुजू शकते. दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधीच ‘माझ्या जबड्याला रेडिएशन झालेले आहे’ हे सांगायचे आणि उपचार केलेल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय दात काढू द्यायचा नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी हे वाक्य एका कार्डावर छापून द्या आणि ते खिशात आधार कार्डाबरोबर ठेवायला सांगा. लाळ कमी झाल्यामुळे दात लवकर किडतात, म्हणून फ्लोराइडची पेस्ट आणि वारंवार चुळा भरण्याची सवयही याच धड्यात येईल. मानेला शेक दिलेला असेल तर थायरॉइडचे काम मंदावू शकते आणि त्यासाठी दर सहा महिने ते वर्षाने रक्ताची टीएसएच तपासणी करायची असते. सुस्ती आणि वजनवाढ यांना लोक ‘आजारपणातून उठला आहे’ असे समजून सोडून देतात.

खाण्याचा धडा वडिलांपेक्षा आईला लागेल. मऊ भात, पातळ पिठले, दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी, गाळलेली पेज, तिखट कमी करून वरून तूप, हे आपल्या घरचेच पदार्थ आहेत. गिळताना ठसका लागणे किंवा वजन घटत राहणे ही मात्र स्वयंपाकघरात सोडवायची गोष्ट नाही, ती डॉक्टरांना दाखवायची आहे.

तंबाखूविषयी माझा सल्ला असा की, तो विषय पहिल्या तीन धड्यांत काढूच नका. या माणसांना ‘तुमच्याच हाताने तुम्ही हे ओढवून घेतले’ असे घरी, दारी आणि कधी कधी दवाखान्यातही ऐकवून झालेले असते. चौथ्या धड्यापर्यंत गट जमला की तंबाखू सोडलेल्या एखाद्या माणसालाच लिहू द्या, आणि त्याने का सोडली यापेक्षा टपरीवर मित्रांबरोबर उभा असताना त्याने नेमके काय केले, हे त्याला विचारा. निदानानंतरही तंबाखू सोडल्याने दुसऱ्या कर्करोगाची जोखीम कमी होते, ही आशेची बाब आहे आणि ती तशीच सांगावी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा 1800-112-356 हा क्रमांक मोफत आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी असली तरी तो मिळतो, हे नाकारून धडा लिहू नये. आणि घरातल्या स्त्रियांना मशेरीविषयी विचारायला विसरू नका. ती तंबाखूच आहे, हे अनेक घरांत कोणी कधी सांगितलेलेच नसते.

प्रश्न : मी गेली अठरा वर्षे न्यू जर्सीत राहतो. येथे कर्करोगानंतरच्या आयुष्याविषयी उत्तम ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. आमच्या मराठी मंडळातील काही जण त्यांचे भाषांतर करून महाराष्ट्रात पाठवायला तयार आहेत. हे पुरेसे होईल का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : आपली तयारी मोलाची आहे. भाषांतरापूर्वी मूळ संस्थेची लेखी परवानगी घ्यावी लागेल. अभ्यासक्रम विनामूल्य असला म्हणजे त्याचे हक्क खुले असतात असे नाही. पण परवानगी मिळाली तरी केवळ भाषांतर पुरेसे होणार नाही. तेथील धडा प्रत्येक अडचणीवर ‘आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला’ असे सांगतो. वर्ध्याच्या किंवा धुळ्याच्या माणसाचे उपचार मुंबईत परळला झालेले असतात आणि गावचे डॉक्टर त्याचे कागद पहिल्यांदाच पाहत असतात. दोन तासांच्या तपासणीसाठी त्याचे दोन-तीन दिवस, सोबत्याची मजुरी आणि राहण्याचा खर्च जातो. म्हणून आपल्याकडच्या धड्यात कोणती तपासणी जवळच्या ठिकाणी चालेल आणि कोणत्या कारणासाठी मोठ्या रुग्णालयात जायलाच हवे, हे वेगळे सांगावे लागते. टाटा स्मारक रुग्णालयाने 2019 मध्ये रुग्णांना वाट दाखवणाऱ्या प्रशिक्षितांचा ‘केवट’ हा अभ्यासक्रम सुरू केला. उपचार चालू असताना मिळणारी अशी सोबत घरी परतल्यावरही लागते, आणि धडे लिहिताना ते ध्यानात ठेवावे.

मात्र परदेशी अभ्यासक्रमांतून रचना जरूर घ्यावी. नेदरलँड्समधील मुक्त विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अशा एका संकेतस्थळावर सहभागी आधी प्रश्नावली भरतो आणि मग थकवा, कामावर परतणे, मनाची स्थिती, आहार, व्यायाम, जवळची नाती यांपैकी कोणता विभाग त्याने आधी पाहावा, हे सिग्नलप्रमाणे लाल, नारिंगी आणि हिरव्या रंगांत त्याला दाखवले जाते. आजारी माणसाला सगळे एकदम शिकावे लागत नाही, ही त्यातली समज मला फार मोलाची वाटते.

आपण एका शब्दाविषयीही लिहिले आहे, म्हणून सांगते. ‘सर्व्हायव्हर’साठी आपण ‘कर्करोग योद्धा’ असे सुचवले आहे. आमच्या सहभागींपैकी काहींना तो आवडतो, पण ज्यांचा आजार परत आला त्यांना त्यातून ‘आपण लढलो नाही’ असा अर्थ लागतो. मी ‘उपचार घेतलेल्या व्यक्ती’ असेच लिहिते. ते साधे आहे, पण कोणालाही बाहेर ठेवत नाही.

प्रश्न : आमचा अभ्यासक्रम पुढच्या महिन्यात सुरू होत आहे. तो उपयोगी पडला की नाही हे कसे ओळखावे? आणि व्हॉट्सॲप गट करताना काही काळजी घ्यावी का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : ‘अभ्यासक्रम आवडला का’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात, त्यामुळे तो विचारून फार काही हाती लागत नाही. त्याऐवजी मोजता येईल अशा गोष्टी आधीच ठरवा. अभ्यासक्रम संपल्यावर किती जणांकडे भरलेला उपचार-सारांश आहे, किती जणांनी पुढच्या तपासणीची तारीख पाळली, किती जणांनी गोळी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले, हे तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. प्रत्येक धड्यानंतर ‘हे शेजारणीला कसे सांगाल ते व्हॉइस नोटमध्ये सांगा’ असे सुचवा. ते चुकीचे सांगितले गेले तर दोष धड्याचा समजावा आणि धडा बदलावा. तपासणीच्या तारखेआधीचे आठ दिवस बहुतेकांना झोप लागत नाही, म्हणून त्या सुमारास धडा न पाठवता एक फोन करावा, आणि मन फार खचले असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक द्यावा. तेथे मराठीत बोलता येते.

गटाविषयी मात्र सावध राहा. साध्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, म्हणजे ‘या व्यक्तीला कर्करोग होता’ ही माहिती आपण तिच्या परवानगीविना वाटून टाकतो. लग्नाची मुलगी घरात असलेल्या कुटुंबांना याची किती धास्ती असते, हे आपण जाणताच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमतीला महत्त्व दिले आहे. शिवाय अशा गटांत हमखास गुणाचे काढे आणि चूर्णे विकणारे शिरतात. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हे पहिल्या संदेशातच लिहून ठेवावे आणि असा संदेश टाकणाऱ्याला त्याच दिवशी काढावे. ज्यांना एकमेकांशी बोलायचे आहे त्यांच्यासाठी त्यांच्या संमतीने गट करा आणि बाकीच्यांना ब्रॉडकास्ट यादीतून धडे पाठवा, म्हणजे कोणाला कोणाचा क्रमांक दिसणार नाही. त्यासाठी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून आपला क्रमांक त्यांच्या फोनमध्ये साठवायला सांगा. तो साठवलेला नसेल तर ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला धडा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.